तळ्याच्या मुक्कामाचा बेत

ऊस तुटून गेला, बुडखे छाटले, पाचटाची कुट्टी झाली, खोडव्याला पहिले पाणी दिले, की दोन दिवस कुठेतरी जाऊन यावे, असे आपल्या प्रत्येक सभासदाच्या घरात वर्षातून एकदा तरी बोलले जाते. बोलले जाते एवढेच. पुढे वीज रात्रीची होते, मोटर जळते, पाहुणे येतात, लग्नाची तिथी निघते आणि बेत बांधावरच राहतो. आमच्या घरी हा बेत चाळीस वर्षे बांधावर पडून आहे. आमचे वडील म्हणायचे, “ऊस जाऊ दे, मग जाऊ.” ऊस चाळीस वेळा गेला. सात वर्षांपूर्वी वडीलही गेले. त्यांनी भीमेचा पूर पाहिला, पंढरीचे वाळवंट पाहिले, पण ज्या पाण्याला पलीकडचा काठ नसतो ते पाणी काही पाहिले नाही. आता आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. गुडघे कुरकुरतात, पण पायात अजून माघी वारीचा जोर आहे. म्हणून यंदा आम्ही दोघा भावांनी वही-पेन घेऊन बेत आखायला घेतला. तो आखताना जे कळले, ते इतर सभासद बंधू-भगिनींच्याही उपयोगी पडेल म्हणून इथे लिहीत आहोत.

या कल्पनेचे मूळ, खरे सांगायचे तर, साता समुद्रापार आहे. आमच्या शेजारच्या घरातला मुलगा अमेरिकेत मिनेसोटा राज्यात नोकरीला आहे. तिकडे रेड नदीचे खोरे आहे. ताटासारखी सपाट, काळीभोर जमीन. हजारो वर्षांपूर्वी तिथे हिमनदीच्या पाण्याचे एक अफाट सरोवर होते, त्याचा हा तळ. तिथले शेतकरी ऊस नाही, शर्कराकंद म्हणजे साखरेचे बीट पिकवतात. आणि गंमत म्हणजे त्यांचाही कारखाना सहकारी आहे! अमेरिकन क्रिस्टल शुगर ही जुनी, 1899 सालची कंपनी तिथल्या बीट उत्पादकांनी एकत्र येऊन 1973 साली विकत घेतली. प्रवरानगरचे धुराडे त्याआधी वीसेक वर्षे पेटलेले होते, तेव्हा सहकारी साखरेच्या धड्यात आपण त्यांचे थोरले भाऊ आहोत, असे म्हणायला हरकत नाही.

तर त्या खोऱ्याच्या पूर्वेला तळीच तळी आहेत. मिनेसोटाच्या गाड्यांच्या नंबरपट्टीवर ‘दहा हजार तळी’ असे लिहिलेले असते. दहा एकरांहून मोठी तळी सरकारी मोजणीत 11,842 भरतात. तिथल्या बीटवाल्यांची रीत अशी, की एप्रिल-मे मध्ये पेरणी उरकली की उन्हाळ्यात बायकापोरांसह तळ्याकाठच्या लाकडी खोपीत जाऊन राहायचे. त्या खोपीला ते केबिन म्हणतात. एक-दोन खोल्या, एक चूल, बाहेर बाकडे आणि समोर पाणी. गळ टाकून मासे धरायचे, होडी वल्हवायची, रात्री शेकोटी. सप्टेंबर-ऑक्टोबरात काढणी आली की परत शेतावर.

आम्ही हे ऐकले आणि पहिला विचार मनात आला तो असा, की यांना हे जमते कसे? उत्तर पिकात आहे. बीट सहा महिन्यांचे. काढल्यावर कारखान्याच्या आवारात डोंगरासारखे ढीग घालतात. थंडीच ती एवढी, की बीट गोठून राहते आणि कारखाना वसंतापर्यंत निवांत गाळप करतो. आपला ऊस तोडल्यापासून चोवीस तासांत गव्हाणीत पडला पाहिजे, नाहीतर उतारा घसरला. शिवाय तो शेतातून हलतच नाही. आडसाली धरा, जुलै-ऑगस्टची लागण, सोळा ते अठरा महिने उभा. पूर्वहंगामी चौदा-पंधरा महिने. सुरू बारा महिने. आणि तुटला की त्याच बुडख्यातून खोडवा वर येतो. म्हणजे ज्याला ‘शेत मोकळे’ म्हणतात ती गोष्ट ऊसवाल्याच्या पंचांगातच नाही. बीटवाला पेरणी आणि काढणीच्या मध्ये सुटतो. आपण सुटायचे ते दोन पाण्यांच्या मध्ये.

हे एवढे नीट लक्षात आले असते तर आमचा पहिला बेत फसला नसता. तो किस्सा सांगितलाच पाहिजे.

तीन वर्षांपूर्वी थोरल्या बंधूंनी मोबाईलवर एक फोटो पाहिला. निळे पाणी, काठाला लाकडी खोप, खोपीपुढे झोपाळा. ‘तलावाकाठी मुक्काम’. जागा आपल्याच बाजूच्या एका धरणाच्या काठची. आगाऊ पैसे पाठवले, एप्रिलच्या अखेरीस गाडी केली, आईसह नऊ जण गेलो. खोप होती, झोपाळाही होता. पाणी मात्र अर्धा किलोमीटर मागे गेलेले! मध्ये भेगाळलेला गाळ, त्यात रुतलेली एक होडी, आणि अंघोळीला टँकर. मालकाशी हुज्जत घालायला बंधू पुढे झाले. तो गृहस्थ शांतपणे म्हणाला, “पाहुणं, उन्हाळी आवर्तन सुटलंय ना. तुमच्याकडं ऊस नाही का?” आम्ही गप्प. ते पाणी चार दिवसांपूर्वी आम्हीच सात नंबरचा फॉर्म भरून उसाला घेतले होते. मिनेसोटातली तळी निसर्गाने भरलेली, आपली तळी म्हणजे धरणांची पोटे. ती उन्हाळ्यात रिकामी होतात ती आपल्यासाठीच. आई तेवढी झोपाळ्यावर बसून म्हणाली, “पाणी बघायला आलो आन् आपलाच पाट बघून चाललो.”

तेव्हापासून ठरले, की असे पाणी बघायचे ज्याला आवर्तन नाही. शोधत शोधत आम्ही रायगड जिल्ह्यातल्या तळा गावाशी येऊन थांबलो.

तळा म्हटले की आपल्याकडे लोक तळेगाव समजतात. ते नव्हे. हे तळा पूर्वी माणगाव तालुक्यात होते, आता स्वतः तालुक्याचे गाव आहे. डोक्यावर तळगड, पायाशी भातखाचरे, आणि थोड्या अंतरावर मांदाडला राजपुरीच्या खाडीचे आत घुसलेले टोक. ही खाडी पुढे जंजिऱ्याजवळ समुद्राला मिळते. उसाचे कांडे दिसणार नाही. भात, नाचणी, वरी, वाल, आंबा, काजू, आणि खाडीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली खारजमीन. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे. आपल्या भागात पाच-सहाशे पडला तरी आपण पेढे वाटतो. एवढे पाणी पडूनही तिथला शेतकरी उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी बघत असतो, कारण सगळे धावत समुद्राला जाते. हे बघण्यासारखे आहे. पाणी अडवले नाही तर काय होते आणि सगळे अडवले तर काय होते, दोन्ही टोके एका प्रवासात दिसतात.

रस्ता पुण्याहून मुळशी, ताम्हिणी घाट, निजामपूर, माणगाव असा. पुणे ते माणगाव शंभर किलोमीटरच्या आसपास. मुळशीचे धरण लागते तिथे गाडी दहा मिनिटे थांबवायची, असे आम्ही वहीत लिहून ठेवले आहे. याच पाण्याखाली जमिनी जाऊ नयेत म्हणून 1921 साली मावळ्यांनी सत्याग्रह केला होता, सेनापती बापट त्यात पुढे होते. धरणग्रस्त काय असतो हे लाभक्षेत्रातल्या माणसाने वर्षातून एकदा आठवावे. माणगावहून मुंबई-गोवा महामार्गाने उत्तरेला इंदापूर, आणि तिथून आत पश्चिमेला पंधराएक किलोमीटरवर तळा. हे इंदापूर आपले नव्हे हं! आमच्या एका सोयऱ्याने मुक्कामाच्या घरमालकाला फोनवर विचारले, “इंदापुरात उसाला पहिली उचल किती दिली?” पलीकडून बराच वेळ आवाज नाही. गाडी नसेल त्याने एस.टी.ने माणगाव गाठावे, तिथून तळ्याला एस.टी. जाते. कोकण रेल्वेची माणगाव आणि इंदापूर ही स्टेशनेही जवळची आहेत.

केव्हा जायचे, यावर आमच्या घरात सर्वांत जास्त वाद झाला. पावसाळ्यात नको. ताम्हिणीत दरडी येतात, लेण्यांच्या वाटा शेवाळतात, समुद्रातल्या होड्या बंद. दसरा-दिवाळीच्या मध्ये आपल्याकडे गाळप हंगामाची तयारी, आणि तिकडे भातकापणी. ज्याच्या घरी उतरायचे तोच विळा घेऊन खाचरात. मे महिन्यात घामाने जीव नको होतो, शिवाय मुंबईचे चाकरमानी घरी आल्याने घरेही भरलेली. फाल्गुनात शिमगा. कोकणात शिमगा म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे तो त्या आठवड्यात मुक्कामाला जागा मागणार नाही. राहता राहिला माघ. आमचा आडसाली साधारण डिसेंबर-जानेवारीत तुटतो. तोड झाल्यावर खोडव्याची कामे आणि पहिले पाणी, मग पुढच्या पाण्याला आठ-दहा दिवस मिळतात. आईची माघी वारी शुद्ध एकादशीला होते, ती पंढरपूरहून परतली की वद्य पक्ष लागतो. वद्य एकादशीचा उपास तिला घरीच करायचा असतो. म्हणून वद्य नवमी आणि दशमी, असे दोन मुक्काम ठरले. महाशिवरात्रीची गर्दीही त्यात चुकते.

तिथ्या मोजायला आणखी एक कारण आहे आणि ते कोकणातल्या माणसाकडूनच कळले. खाडी दिवसातून दोनदा भरते आणि दोनदा उतरते. ओहोटीला गेलात तर पुन्हा चिखलच बघाल, म्हणजे आमची जुनी गत! भरती केव्हा, हे काढायची तिकडे जुनी युक्ती आहे. तिथीच्या आकड्याला पाऊण पटीने गुणायचे. जे येईल तेवढ्या वाजता भरती. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी पूर्ण चढते. नवमीला पावणेसात, दशमीला साडेसात. दोन्ही पक्षांत हाच हिशेब. खाडीच्या आत पाणी पोचायला थोडा उशीर धरायचा. पुनवेला नि अवसेला उधाण असते, पाणी जोरात चढते. अष्टमीच्या आसपास भांगेची भरती, ती बेताची. आम्ही ताळा करून पाहिला. पंचांगातून काढलेली वेळ आणि मोबाईलवरची वेळ यात फार फरक पडला नाही. पाटाच्या पाळीची चिठ्ठी लागते तशी ही समुद्राची पाळी, फक्त इथे पाटकरी नाही आणि वशिलाही चालत नाही. आईला हे सगळे समजावून सांगितले. तिने नीट ऐकून घेतले आणि विचारले, “उतरलेलं पाणी मग कुणाच्या उसाला जातं?”

मुक्कामाचे घर आम्ही हॉटेलासारखे न घेता कौलारू, अंगण-पडवीचे घेतले आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे विहीर. ही आमची केबिन. या वेळी फोटोवर भागवले नाही. घरमालकाला फोन करून विचारायच्या गोष्टींची यादी वहिनींनी केली आणि फोनही त्यांनीच केला, कारण पुरुष माणसे भाडे विचारतात आणि फोन ठेवतात. फेब्रुवारीत विहिरीला पाणी किती? संडास घराला लागून की लांब? म्हाताऱ्या माणसाला पायऱ्या किती? मच्छरदाण्या आहेत का? वीज गेली तर काय? आणि सर्वांत महत्त्वाचे, आई माळकरी आहे, तिच्यासाठी वेगळी भांडी आणि वेगळी चूल मिळेल का? खाडीकाठच्या घरात ताटात मासा येणारच, त्याला कुणाची ना नाही. आमच्यातलेच चौघे त्याच आशेने निघाले आहेत. पण आईचे सोवळे मोडून सहल नको. घरमालकीणबाई म्हणाल्या, “आमच्याकडं पण एक माळकरी सासूबाय होत्या, काय चिंता करू नका.” तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, आमसुलाचे सार, एवढे कबूल झाले आहे. जमले तर पोपटीही करू म्हणाल्या. आपला जसा हुरडा तशी रायगडची पोपटी. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला अंथरून वालाच्या शेंगा, बटाटे, ओवा, मीठ घालतात, तोंड पाल्यानेच बंद करतात आणि मडके उपडे ठेवून भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ. पाण्याचा थेंब नाही. खाणारे अंडी-कोंबडीही त्यात घालतात. माघाच्या अखेरीस तिचा हंगाम सरत आलेला असतो, शेंग मिळाली तर नशीब. बदल्यात आम्ही एक गुळाची ढेप आणि काकवीचा डबा नेणार आहोत. कारखान्याचे सभासद गुऱ्हाळाचा गूळ नेतात म्हणून कुणी हसेल, हसू द्या.

बघायचे काय? तळगड गावाच्या डोक्यावरच आहे, उंची हजार फुटांच्या घरात. गडावर तटबंदी, बुरूज, खडकात खोदलेली पाण्याची टाकी. 1665 च्या पुरंदरच्या तहात महाराजांनी तेवीस किल्ले मोगलांना देऊन बारा स्वतःकडे ठेवले, त्या बारांत तळे आणि शेजारचे घोसाळे यांची नावे सांगतात. ज्याअर्थी ठेवले त्याअर्थी खाडीवर नजर ठेवायला त्यांचे मोल होते. गड तरुण मंडळींनी सकाळच्या उन्हाआधी चढावा. आई पायथ्याशी थांबणार, हे तिने स्वतःच सांगून टाकले आहे.

पण ज्यासाठी एवढा खटाटोप करावा ती जागा म्हणजे कुड्याची लेणी. मांदाडजवळ, खाडीकडे तोंड करून डोंगरात कोरलेली सव्वीस बौद्ध लेणी. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीची. गाडी बरीच जवळ जाते, शेवटी थोडे चढावे लागते. मांदाड हे त्या काळी बंदर होते. ग्रीक प्रवाशांनी लिहून ठेवलेले मंदगोरा ते हेच, असे अभ्यासक मानतात. सहाव्या लेण्याच्या अंगणाशी दगडी हत्ती आहेत आणि ओसरीच्या भिंतीवर स्त्री-पुरुषांच्या मोठ्या जोड्या कोरल्या आहेत. बाकीची बहुतेक लेणी साधी. एक ओसरी, आत एक खोली, खोलीत निजायला दगडाचाच ओटा, बाहेर पाण्याची पोढी. पावसाळ्याचे महिने भिक्षू एका जागी राहत, त्याला वर्षावास म्हणत. समोर खाडी भरताना-उतरताना पाहत ते इथे राहिले असतील. मिनेसोटाच्या केबिनला याहून वेगळे काय असते? फक्त यांना शंभर वर्षांनी कौले शाकारावी लागली नाहीत.

आणि तिथले शिलालेख! लेणे कुणी खोदवले ते भिंतीवर लिहिले आहे. महाभोज नावाच्या स्थानिक सत्ताधाऱ्यांच्या घरचे लोक आहेत, व्यापारी आहेत, एक वैद्य आहे, आणि एक माळी आहे. माळी! फुले-बागा करणारा आपल्यासारखाच मातीतला माणूस, त्याने आपल्या कमाईतून डोंगरात एक खोली कोरून दिली आणि त्याचे नाव अजून वाचता येते. आपल्या नावाचा शेअर सर्टिफिकेटाचा कागद पेटीत किती वर्षे टिकेल, असा एक आगाऊ विचार आमच्या मनात येऊन गेला. आमच्या पुतण्याला शाळेत ब्राह्मी लिपीची चार अक्षरे शिकवली आहेत, तो वही घेऊन येणार आहे. भिंतीला हात लावायचा नाही, खडूने गिरवायचे नाही, हे त्याला बजावले आहे. काही मोठ्या माणसांनाही बजावावे लागेल.

वेळ उरली तर दुसऱ्या दिवशी जंजिरा. राजपुरी गावातून शिडाच्या होड्या जातात. पण आम्ही तो भाग वहीत शिसपेन्सिलीने लिहिला आहे. दोन दिवसांत चार ठिकाणे कोंबली की मग गाडीतच मुक्काम होतो. तो अनुभव अष्टविनायकाला गाठीशी आहे.

आता मूळ अडचण, घर आणि गोठा कुणावर टाकायचे? दोन जर्सी आणि एक म्हैस, धार दोन वेळा. यावर तोडगा आमच्या उपसा सिंचनाच्या पाळीनेच सुचवला. वस्तीवरची चार घरे एकत्र बसलो. पहिल्या खेपेला दोन घरे जाणार, दोन मागे राहून चौघांची जनावरे आणि मोटरी बघणार. पुढच्या पंधरवड्यात उलट. मागे राहणाऱ्यांनी किती वाजता कुणाचे वासरू सोडायचे, स्टार्टर अडला तर कुठे थोपटायचे, हे सगळे लिहून ठेवले आहे. शेजारचे आप्पा म्हणाले, “आमची म्हस दुसऱ्याला धार देत न्हाय.” तेव्हा त्यांच्या घरची वहिनी मागे आणि आप्पा पहिल्या खेपेत, असे ठरत होते. वहिनींनी ते हाणून पाडले. आता त्या पहिल्या खेपेत आहेत आणि आप्पा म्हशीपाशी.

खर्च दोन घरांत माणशी वाटला आहे, मुलांना अर्धा भाग. गाडी, मुक्काम, जेवण, होडी असे चार रकाने केले. पाचवा रकाना औषधपाण्याचा. मोठ्या दवाखान्याची गरज पडली तर माणगाव गाठावे लागते, म्हणून आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या दोन ठिकाणी ठेवल्या आहेत. एक पुडी तिच्या पिशवीत, एक आमच्या खिशात. बॅटऱ्या, मच्छरदाणीच्या दोऱ्या, जुनी वहाण न घेता पकड असलेले बूट, एवढेच सामान. कार्यालयात तोडणीची चौकशी केली तेव्हा शेतकी खात्याच्या मंडळींनी वही पाहिली आणि सांगितले, लागण नोंदीप्रमाणे तुमचा नंबर जवळ आहे, पण तारीख लिहून देता येत नाही. बरोबरच आहे. आम्ही खात्यात असतो तर आम्हीही दिली नसती.

हे लिहीत असताना टोळी आमच्या थळात उतरली आहे. मुकादम म्हणतो सहा दिवस. आम्ही आठ धरले आहेत. घरमालकीणबाईंना नवमी-दशमी कळवली, आणि चार-दोन दिवस मागेपुढे झाले तर चालेल ना, हेही विचारून घेतले. फक्त तिथी बदलली तर भरतीची वेळ पुन्हा काढावी लागेल. आईने मात्र पिशवी भरून खुंटीला लावली आहे. तिच्यात एक लुगडे, टाळ आणि वडिलांचा जुना फेटा आहे. फेटा कशाला, हे आम्ही विचारलेले नाही.